वाचलेले डिझेल कोणाच्या खात्यावर?

(वाहतूक क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ट्रकमालक आणि चालक यांच्यात वावरणाऱ्या कार्यकर्त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ईजीआर बंद करून टाकला, सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली, युरियाच्या टाकीला फसविणारी डबी बसविली, तर गाडीचे ॲव्हरेज सुधारते, हे खरे की खोटे? या प्रश्नावर पर्यावरणाचे प्रवचन सुरू करणारा कार्यकर्ता पहिल्या वाक्यातच ऐकणाऱ्याचा विश्वास गमावतो. ज्याचा हात रोज इंजिनाला लागतो, त्याला गाडी किती किलोमीटर देते हे कोणी शिकवायला नको. तेव्हा उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे : बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत ते खरे आहे. थोडे डिझेल वाचते. पण वाचलेले हे डिझेल कोणाच्या खात्यावर जमा होते आणि कोणाच्या खात्यावर नावे पडते, हा पुढचा प्रश्न गॅरेजमध्ये कोणी विचारीत नाही.

मुळात ते का वाचते, हे समजून घेणे अवघड नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच आत फवारलेले डिझेल पेट घेते. हा फवारा किंचित अगोदर सोडला तर ज्वलन तीव्र होते, पिस्टनला रेटा अधिक मिळतो, आणि तेवढ्याच डिझेलमध्ये काम जास्त होते. परंतु त्याच तीव्र उष्णतेत हवेतला नत्रवायू आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नत्राची ऑक्साइडे तयार होतात. फवारा उशिरा सोडला की उष्णता उतरते, ऑक्साइडे घटतात, मात्र डिझेलचा खप वाढतो आणि काजळीही वाढते. म्हणजे काटकसर आणि स्वच्छता यांची या यंत्राच्या पोटातच ओढाताण आहे. ती कोणा सरकारी अधिकाऱ्याने निर्माण केलेली नाही.

ईजीआर म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्याची व्यवस्था. त्यामुळे ज्वलनाची उष्णता उतरते. पण त्याबरोबर काजळी आतल्या मार्गात बसते, व्हॉल्व्ह अडकतो, तेल लवकर काळे पडते. जाळीचेही तसेच. ती काजळी अडविते, पण साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिनाला मधूनमधून जादा डिझेल खर्चावे लागते. आणि शहरात, गर्दीत, रखडत चालणाऱ्या गाडीत ही जळण्याची क्रिया पुरी होत नाही, जाळी तुंबते, इंजिनाची ताकद कमी होते आणि गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहते. गाडी उभी राहिली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. मेकॅनिक जेव्हा या यंत्रणेला शिव्या देतो, तेव्हा तो अगदीच खोटे बोलत नसतो.

युरियाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे, आणि ती कार्यकर्त्याने नीट लक्षात ठेवावी. पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया मिसळून केलेले द्रावण धुराच्या नळीत फवारले, की त्यातून अमोनिया सुटतो आणि नत्राच्या ऑक्साइडांचे पुन्हा निरुपद्रवी नत्रवायूत व पाण्यात रूपांतर होते. ही सफाई इंजिनाच्या बाहेर, नळीत होत असल्यामुळे इंजिनाला फवारा अगोदर सोडण्याची, म्हणजेच काटकसरीने चालण्याची, बरीच मोकळीक मिळते. वर सांगितलेल्या ओढाताणीतून विज्ञानाने काढलेली ही वाट आहे. म्हणून युरिया बंद करणारी डबी बसविली तर वाचतो तो मुख्यतः युरियाचा खर्च, डिझेलचा नव्हे; आणि गाडीच्या मागे जे सोडले जाते, ते काटकसरीसाठी तापविलेल्या इंजिनाचे सगळे विष असते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकांनी अवजड इंजिनांची नत्र-ऑक्साइडांची मर्यादा एक किलोवॉट-तास कामामागे ३.५ ग्रॅमवरून सुमारे ०.४ ग्रॅमवर आणली. एवढी मोठी घट मुख्यतः युरियाच्या त्या फवाऱ्यावर उभी आहे. एक डबी बसविली की ती सारी हवेत विरते.

ही युक्ती प्रथम कोणाला सुचली? ट्रान्सपोर्टनगरातल्या गॅरेजवाल्याला नाही. १९९८ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आणि न्याय खात्याने अवजड डिझेल इंजिने बनविणाऱ्या सात कंपन्यांशी तडजोड जाहीर केली. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनो आणि व्होल्व्हो ही ती नावे. या कंपन्यांनी इंजिनाच्या संगणकाला असे शिकविले होते की चाचणी चालू असेल तोवर फवारा शिस्तीत सोडावा, आणि गाडी हमरस्त्याला लागून एका वेगाने धावू लागली की फवाऱ्याची वेळ बदलावी. डिझेल वाचे, गिऱ्हाईक खूश होई, आणि नत्राची ऑक्साइडे मर्यादेच्या तिप्पटीपर्यंत जात. अशी १३ लाख इंजिने विकली गेली होती, आणि त्या एका वर्षात त्यांच्यामुळे १३ लाख टन जादा ऑक्साइडे हवेत गेली असा सरकारी अंदाज होता. दंड झाला ८ कोटी ३४ लाख डॉलरचा. पर्यावरणविषयक कायद्याखाली तोवर झालेला तो सर्वांत मोठा दिवाणी दंड होता. कंपन्यांनी अर्थातच गुन्हा कबूल केला नाही.

त्या तडजोडीची एक अट मात्र पुढे मोलाची ठरली. धावत्या गाडीवर बसवून धूर मोजता येईल अशी साधने तयार करणे त्या निमित्ताने भाग पडले, आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात त्या विद्येची परंपरा तयार झाली. त्याच विद्यापीठातील संशोधकांनी पुढे फोक्सवॅगनच्या मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून मोजल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात एका गाडीतून मर्यादेच्या पंधरा ते पस्तीसपट ऑक्साइडे निघत असल्याचे दिसले. सप्टेंबर २०१५ मध्ये त्या कंपनीला कबुली द्यावी लागली. जगभर १ कोटी १० लाख गाड्यांत ती लबाडी निघाली. डिसेंबर २०१५ मध्ये भारतातल्याही ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर झाले. त्यांची तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने केली होती. भारतातील कोणत्याही नियमाचा भंग झालेला नाही, अशी कंपनीची भूमिका राहिली, आणि तिच्यात एक कडू सत्य होते : त्या काळी भारतात रस्त्यावरील प्रत्यक्ष चाचणीचा नियमच नव्हता. हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दोनच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. रस्त्यावर प्रत्यक्ष मोजलेल्या धुराला मर्यादा घालणारा नियम येथे १ एप्रिल २०२३ पासून आला.

इतके होऊनही व्यसन सुटले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्स या वरील सातांपैकीच एका कंपनीने १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. या वेळीही तिने गुन्हा मान्य केला नाही. अमेरिकेतील साध्या गाडीमालकांचेही तेच. तेथील पर्यावरण संस्थेने २०२० साली काढलेल्या अंदाजानुसार दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची धूर-नियंत्रण यंत्रणा उखडली गेली. तेथे त्यामागे पुष्कळदा ताकदीची हौस असते. येथील मालक-चालकाच्या मागे हप्ता असतो. दोघांना एका तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. परंतु फुप्फुसाला हौस आणि हप्ता यांतला फरक कळत नाही.

ते फुप्फुस कोणाचे? जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकला. त्यामागील एक महत्त्वाचा पुरावा होता अमेरिकेतील बारा हजारांहून अधिक खाणकामगारांच्या अभ्यासाचा. तो प्रसिद्ध होऊ नये म्हणून खाणउद्योगाने न्यायालयात वर्षानुवर्षे अडथळे आणले होते. म्हणजे या धुराविषयी जगाला जे ठाऊक आहे, ते कामगारांनी आपल्या छातीवर सोसून ठाऊक करून दिलेले आहे. नत्राच्या ऑक्साइडांचे काम अधिक छुपे. त्यांच्यापासून उन्हात ओझोन तयार होतो, सूक्ष्म कण तयार होतात, आणि ते गाडीपासून मैलोगणती दूर जातात. भारतासह अकरा प्रमुख बाजारपेठांत डिझेल वाहनांनी मर्यादेपलीकडे सोडलेल्या ऑक्साइडांमुळे एकट्या २०१५ साली सुमारे ३८ हजार अकाली मृत्यू ओढवले, असा अंदाज २०१७ साली नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातला मोठा वाटा अवजड वाहनांचा होता. नाक्यावर चहा विकणारा, टोलच्या खिडकीत बसणारा, चौकातला हवालदार, ट्रकतळाला लागून असलेल्या वस्तीतले मूल, आणि रात्री इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणारा चालक व क्लीनर यांची नावे त्या अंदाजात नसतात. पहिला घास मात्र त्यांचा घेतला जातो.

आता वाचलेल्या डिझेलच्या हिशेबाकडे यावे. समजा, एका मालकाने फेरीमागे शंभर लिटरवर पाच लिटर वाचविले. पहिले काही महिने ते पैसे त्याच्या खिशात राहतील. शेजारच्यानेही तेच केले, मग सगळ्या अड्ड्याने केले, की भाडे ठरविणाऱ्या दलालाला आणि माल पाठविणाऱ्या कंपनीला ते कळायला वेळ लागत नाही. ट्रक जास्त आणि माल कमी अशा बाजारात प्रत्येकाचा खर्च सारखाच उतरला, तर भाडेही तितकेच उतरते. पाच लिटरची किंमत माल पाठविणाऱ्याच्या खात्यावर गेली. धूर मात्र रस्त्यावरच राहिला. ज्याने यंत्रणा मोडली नाही, तो उलट तोट्यात गेला आणि उद्या मोडायला निघाला. जो चोरीचा फायदा म्हणून मिरवला जातो, तो अशा रीतीने वरच्या वर्गाकडे पोहोचविला जातो, आणि पकडला गेला तर दंड मात्र मालक-चालकाचा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार गाडीत बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पकडला जाण्याचा प्रसंग मात्र विरळा, आणि त्याचे कारण विलक्षण आहे. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराची घनता तेवढी तपासण्याचीच पद्धत चालत आली. नत्राची ऑक्साइडे तेथे मोजली गेली नाहीत. ईजीआर बंद केला की काजळी कमी होते. म्हणजे यंत्रणा मोडलेली गाडी या परीक्षेत अधिक चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते! जे दिसत नाही ते मोजायचे नाही, हा नियम असला की प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो.

दुसऱ्या बाजूचेही एक उदाहरण विसरता येणार नाही. २०२१ च्या शरदात चीनने युरियाच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा जवळजवळ सर्व औद्योगिक युरिया चीनकडून घेणाऱ्या दक्षिण कोरियात ट्रकचालकांच्या रांगा लागल्या, कारण युरिया संपला की तिथल्या नव्या गाड्या चालूच होत नसत. स्वच्छतेची यंत्रणा सक्तीची करणाऱ्या शासनाने तिचा पुरवठा आणि दुरुस्ती वाऱ्यावर सोडली, तर सक्तीचा सारा भार चालकाच्या रोजीवर पडतो, आणि डबी विकणाऱ्याचे दुकान चालू लागते.

तेव्हा वाहतूक संघटनांतील कार्यकर्त्यांनी मागण्या त्याच दिशेने मांडल्या पाहिजेत. भाडे करारात डिझेलच्या दराबरोबर युरियाचा आणि जाळी साफ करण्याचा खर्च स्वतंत्र ओळ म्हणून लिहिला जावा, आणि तो माल पाठविणाऱ्याने द्यावा. धूर-नियंत्रण यंत्रणेची हमी गाडीच्या कर्जाच्या मुदतीइतकी तरी असावी. शहरात चालणाऱ्या गाडीची जाळी तुंबणे हा चालकाचा दोष मानून वर्कशॉपने बिल फाडू नये. पीयूसी केंद्रावर नत्राची ऑक्साइडे मोजण्याचे यंत्र यावे, आणि त्याआधी रस्त्यावर धावत्या गाड्यांची तपासणी सुरू व्हावी. ब्रिटनच्या वाहन तपासणी संस्थेने ऑगस्ट २०१७ पासून ट्रक थांबवून युरियाला फसविणाऱ्या डब्या शोधण्यास आरंभ केला. भिवंडीच्या गोदामांबाहेर किंवा वाशीच्या बाजारात ते अशक्य आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र तपासणीची पहिली गाडी एकट्या मालक-चालकाची नसावी. ज्यांच्या नावावर शेकडो ट्रक आहेत आणि ज्यांच्या मालाने ते भरले जातात, त्यांच्या फाटकातून तपासणी सुरू करावी.