सायकलच्या दुकानातून कारखाना : बेळगावचा एक धडा
(शिक्षक, ग्रामसेवक व कारागीर यांच्यासमोर केलेले भाषण)



बेळगावातील वाहनांची दुकाने आणि कार्यशाळा यांचा इतिहास सांगावयाचा, तर मोटारीच्या आधी सायकलीकडे वळावे लागते. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ साली बेळगावात निघालेल्या सायकलच्या दुकानापासून मोजतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. जन्म १८६९ चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक होते. तेथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी परतले व बंधू रामूअण्णांसह दुकानाच्या कामास लागले.

सायकल हे त्या काळी नवलाचे वाहन. ती विकावयाची, तर गिऱ्हाइकास चालवावयास शिकवणे व मोडली तर दुरुस्त करून देणे ओघानेच आले. दुरुस्तीसाठी हत्यारे लागतात, हत्यारांमागून यंत्रे येतात. आणि जो यंत्र उघडून पाहतो, त्याला नवे यंत्र सुचते. सायकलींपाठोपाठ कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला.

पण नांगर कोणी घेईना! लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांस भीती वाटे. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. त्या शेतकऱ्यास आपण अडाणी म्हणून हसू नये. ज्याचे सारे पोट एका तुकड्यावर अवलंबून आहे, तो अनुभवाची खात्री मागणारच. नवे अवजार अथवा नवे बियाणे घेऊन गावात जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

कारखाना मार्गी लागत असतानाच दुसरे संकट आले. नव्या वसाहतीसाठी बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करावयास सांगितले. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावाने जागा नाकारली, औंधाने दिली. कारखाना औंधाचा झाला.

तरीही बेळगावची कारागिरी संपली नाही. उद्यमबागेतील ओतशाळा व यंत्रशाळा, तसेच पुणे–बंगळूर हमरस्त्यावर निपाणीपासून बेळगावपर्यंत मालमोटारी दुरुस्त करणारी गॅरेजे आजही तिची साक्ष देतात. तेथील पुष्कळ विद्या कागदावर नाही. उस्तादाच्या हातातून शागिर्दाच्या हातात जाते. हात थांबला की ती विद्याही जाते.

म्हणून शिक्षक बंधूंना माझी विनंती आहे. आपल्या विद्यार्थ्यांना जवळच्या कार्यशाळेत न्यावे आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात. अधिकारी बंधूंना एवढेच सांगतो, की कार्यशाळा हलविण्याच्या आदेशावर सही करण्यापूर्वी १९१० सालचे बेळगाव आठवावे. रस्ते व वसाहती पुन्हा आखता येतात. उठून गेलेला कारखाना परत येत नाही.