सिदेच्या आजीची भाषा

मी इतिहासाचा माणूस नाही, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. ऑफिसच्या कामासाठी इस्तंबूलला गेलो होतो. शेवटी दोन दिवस मोकळे मिळाले, म्हणून भूमध्य समुद्राकाठच्या अंताल्याला गेलो आणि एका दिवसाची टूर घेतली. पेर्गे, आस्पेंदोस आणि सिदे. मिनीबस, बारा माणसं, एक गाइड.

बसमध्ये शेजारच्या जर्मन आजोबांनी विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?" मी म्हणालो, "उर्दू." पटकन तोंडातून गेलं. खरं तर रत्नागिरीकडच्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोकणी वळणाची मराठीच बोलतात. दादीला उर्दूचं अक्षरही वाचता येत नव्हतं. पण उर्दू म्हटलं की पुढचा प्रश्न टळतो. "मुसलमान असून मराठी कसं काय?" हा प्रश्न तुम्हालाही पाठ असेल.

पेर्गेत मधोमध पाण्याचा पाट असलेला लांब रस्ता आहे, दोन्ही बाजूंना खांब. दुसऱ्या शतकात इथल्या वेशीचं काम प्लांसिया माग्ना नावाच्या बाईनं स्वतःच्या पैशानं करवलं. तीच शहराची मोठी अधिकारीही होती. मला मात्र ओढ होती अपोलोनियसची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीटवर ज्यांनी रडवलं, त्या पॅराबोला, एलिप्स, हायपरबोला या वक्रांना ही नावं देणारा गणिती याच गावचा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. त्याच्या ग्रंथाचे आठ भाग होते. पहिले चार मूळ ग्रीकमध्ये उरले. पाचवा, सहावा, सातवा फक्त अरबीत उरले, आठवा गेलाच. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी हे काम हाती घेतलं आणि त्या तीन भागांचा अनुवाद साबित इब्न कुर्रानं केला. हा साबित मुसलमान नव्हता, हर्रानच्या साबियन पंथाचा होता. पुढे धूमकेतूवाल्या हॅलीनं अरबी शिकून त्यांचं लॅटिन केलं, ते 1710 मध्ये छापलं गेलं. आता सांगा, हे पुस्तक कुणाचं?

मग एका दागिन्यांच्या शोरूममध्ये पाऊण तास गेला. टूर एवढी स्वस्त का होती, ते तिथं कळलं.

आस्पेंदोसचं नाट्यगृह बघून मात्र बोलणं बंद होतं. मार्कस ऑरेलियसच्या काळात झेनॉन नावाच्या स्थानिक वास्तुविशारदानं बांधलेलं, आणि रंगमंचामागची भिंत अजून पुरी उभी. तेराव्या शतकात सेल्जुक सुलतानांनी तिथं दुरुस्ती करून राहण्याची सोय केली. भिंतीवर त्यांच्या लाल नागमोडी पट्ट्यांच्या खुणा आजही दिसतात. हे मी त्यांचं मोठेपण म्हणून सांगत नाही, तयार भिंती मिळाल्यावर कोण पाडेल? पण सोयीसाठी का होईना, वापरात राहिल्यानं इमारत टिकली. आता तिथं ऑपेराचा महोत्सव भरतो.

सिदेला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. समुद्राच्या काठावर अपोलोच्या देवळाचे पाच पांढरे खांब उभे आहेत, पडलेले दगड जुळवून पुन्हा उभारलेले. सगळे फोटो काढत होते. गाइड म्हणाला, "खांब बघा, पण मागचं गाव बघा." हे शहर शतकानुशतकं ओसाड पडलं होतं. 1890 च्या दशकात क्रीट बेटावरून हाकलले गेलेले मुसलमान इथं आले आणि या पडक्या भिंतींमध्ये घरं बांधून राहिले. ऑटोमन राज्यात क्रीटवरच्या ज्या लोकांनी इस्लाम स्वीकारला, त्यांतल्या बहुतेकांची भाषा ग्रीकच राहिली होती. क्रीटमध्ये ते 'तुर्क' ठरले. इथं आल्यावर शेजारी त्यांना 'अर्धे काफिर' म्हणू लागले, कारण घरात ग्रीक. 1928 मध्ये 'नागरिकांनो, तुर्की बोला' अशी मोहीमही देशात सुरू झाली.

गाइडची आजी त्या गावचीच. म्हणाला, "नमाज अरबीत पढायची, कोंबड्यांना आणि आम्हा नातवंडांना ग्रीकमध्ये ओरडायची. वडील शाळेत मार खातील म्हणून ते शिकलेच नाहीत. मला आता फक्त चार शिव्या येतात." सगळे हसले. तो फारसा हसला नाही.

माझं हसू अर्ध्यातच थांबलं. माझी मुलगी चार वर्षांची आहे. पुण्यातल्या घरी आम्ही तिच्याशी इंग्रजी आणि हिंदी बोलतो, "पुढे सोपं जाईल" म्हणून.

त्यानं मला विचारलं, "तुमची आजी काय बोलायची?"

"मराठी."

"एखादं वाक्य बोला ना."

आठवायला वेळ लागला नाही. मी दादीला रोज विचारायचो तेच म्हणालो, "दादी, जेवलीस काय?"

जर्मन आजोबा म्हणाले, "ही उर्दू ना?"

"नाही," मी म्हणालो, "सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."