कडेवरचे नाव



मुरगूडच्या या भागात ‘जर्मन’ म्हटले की आधी पातेले आठवते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मनचे’ म्हणायची सवय अजून गेलेली नाही. दुसरा जर्मन लढाईतला. कुणाचे पणजोबा ‘जर्मनच्या लढाईत’ गेले होते, पण म्हणजे नेमके कुठे गेले होते, हे घरात कुणालाच ठाऊक नसते. तिसरा जर्मन संग्राहकांच्या या परिषदेने मांडवात आणला आहे: कैसरच्या सैन्याची पदके आणि त्यांच्या फितींच्या पट्ट्या. विषयपत्रिका वाचून काहींनी विचारले की वेदगंगेच्या काठी हा लोखंडी क्रूस कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि आजचे भाषण हे त्याचेच लांबलेले उत्तर आहे.

आयर्न क्रॉस १८१३ साली प्रशियाच्या राजाने, तिसऱ्या फ्रेडरिक विल्हेल्मने, नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी काढला. सोन्यारत्नांची पदके मिरवणाऱ्या दरबारात काळे लोखंड छातीवर आले आणि ते शिपायालाही मिळू लागले, ही त्यातली नवलाई. पुढे १८७० आणि १९१४ मध्ये तो पुन्हा जारी झाला. पहिल्या महायुद्धातल्या क्रॉसच्या खालच्या हातावर १९१४ हे साल असते. त्या युद्धात दुसऱ्या वर्गाचे क्रॉस पन्नास लाखांवर वाटले गेले, तेव्हा एखादा व्यापारी ‘फार दुर्मीळ’ म्हणत पुढे करील तर चहा पिऊन उठावे. अस्सल क्रॉस साधारणपणे तीन तुकड्यांचा असतो: मधे काळे केलेले ओतीव लोखंड आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी चांदीची चौकट. भिंगाखाली कडेला सांधा दिसतो. नकली बहुधा एकसंध ओतलेला असतो आणि त्याला सांधाच नसतो. लोहचुंबकही खिशात असावे, पण सगळा भरवसा त्याच्यावर टाकू नये, कारण नक्कल करणाऱ्यालाही लोखंड मिळतेच.

या क्रॉसची खरी अडचण वेगळी आहे. त्यावर नाव नसते. कुणी हौसेने सोनाराकडून कोरून घेतले असेल तर तेवढेच, सरकारने कोरून दिलेले नाही. मग माणूस ओळखायचा कशावरून? फितींवरून. म्हणून जर्मन पदकांचे जाणकार सुट्या क्रॉसपेक्षा शिवलेल्या पट्टीला जास्त जपतात. आयर्न क्रॉसची फीत काळी आणि तिच्यावर पांढऱ्या रेघा असतील तर मालक लढणारा. रंग उलटे, म्हणजे पांढऱ्यावर काळ्या रेघा असतील तर सेवा केली पण लढला नाही. तेव्हाचे जर्मन साम्राज्य पंचवीस राज्यांचे होते. बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेंबर्ग यांची पदके वेगळी, आणि हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक या शहरांचेही आपापले क्रूस होते. पट्टीत १९३४ साली सुरू झालेला युद्ध-सन्मानक्रूस असेल तर ती त्यानंतर बांधलेली, आणि बांधून घेणारा तोवर जिवंत. पट्टी अशी उजव्या-डाव्या क्रमाने वाचता वाचता प्रांत, काम आणि काळ कळत जातो. नाव मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

नवखा ज्या एका फितीवर हमखास घसरतो ती लाल-पांढरी. हॅम्बुर्गची आणि तिच्या भावंडशहरांची फीत लाल-पांढरी, आणि १९१५ साली सुलतानाने काढलेल्या तुर्की युद्धपदकाचीही लाल-पांढरी. हे पदक म्हणजे लाल तारा आणि त्यात चंद्रकोर. संग्राहक त्याला ‘गॅलिपोली स्टार’ म्हणतात, जर्मन लोक लोखंडी चंद्रकोर म्हणत. तुर्कस्तानच्या बाजूने लढलेल्या पुष्कळ जर्मनांच्या पट्टीत ही फीत सापडते. रेघांची जागा आणि रुंदी भिंगाखाली तपासली नाही तर बगदादकडे गेलेला माणूस हॅम्बुर्गच्या गोदीत बसवला जातो.

बगदाद म्हटले की पट्टी आपल्या मुलखाच्या जवळ येते. तैग्रिसच्या काठावरचे कुत-अल-अमारा हे गाव तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढले. आत ब्रिटिश सेनापती टाउनशेंडची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३ महरट्टा लाइट इन्फन्ट्री, ११० महरट्टा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ महरट्टा या तीन पलटणी. तुर्की सैन्याची सूत्रे होती जर्मन फील्डमार्शल फोन डेर गोल्ट्झच्या हाती. तो बगदादमध्ये १९ एप्रिल १९१६ ला आजारपणात मेला आणि दहाच दिवसांनी, २९ एप्रिलला, उपाशी कुतने शरणागती पत्करली. कैद झालेल्यांपैकी अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. तो रेल्वेमार्गही जर्मनांनीच हाती घेतलेला. लाल-पांढरी फीत लावणारा जर्मन आणि फेट्यातला मराठा शिपाई त्या एका नदीकाठी समोरासमोर होते. दोघांच्याही घरी पदके पोचली. फरक एवढाच की आपल्या पदकाला कड आहे आणि त्या कडेवर नाव आहे.

‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे चांदीचे, जुन्या रुपयाहून मोठे. फीत मधे नारिंगी, कडेला पांढरी, काळी, निळी. ‘व्हिक्टरी मेडल’ काशाचे, फीत इंद्रधनुषी. १९१४-१५चा तारा काशाचा, त्यावरचे नाव पाठीमागे. इंग्रज सोल्जरांनी या त्रिकुटाला वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रमालेतल्या तीन प्राण्यांची नावे दिली: पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड. चांदीच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. पलटणीचा क्रमांक ही मोठी खूण आहे. १९२२ साली जुन्या पलटणी पाचव्या महरट्टा लाइट इन्फन्ट्रीत नव्या क्रमांकांनी बसवल्या गेल्या, तेव्हा कडेवर ११७ दिसले की काळ त्याआधीचा हे पक्के. पदक चांदीऐवजी काशाचे असेल तर तेही खोटे समजू नये. मजूर पथकांतल्या लोकांना हेच पदक काशात दिले गेले. जर्मनांनी न लढणाऱ्याची फीत उलटी केली, इंग्रजांनी धातू उतरवला. ओझी वाहणारा मेला तरी त्याची चांदी होत नव्हती!

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांची नोंद आहे. भारतीय अधिकाऱ्यांची नावे तिथे कोरली आहेत. भारतीय शिपायांचे मात्र पलटणीगणिक फक्त आकडे. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने अशा वागणुकीबद्दल २०२१ साली जाहीर माफी मागितली. आपल्याकडे अनेक गावांत चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तिथेही आकडाच. साताऱ्याचे अपशिंगे त्या युद्धात कामी आलेल्या ४६ जणांसाठी ओळखले जाते, आणि तीही संख्याच. दगडाने हात राखला. साम्राज्याने शिपायाचे नाव धातूवर लिहिले ते पदकाच्या अरुंद कडेवर, आणि मेला असेल तर घरी पाठवलेल्या बारा सेंटिमीटरच्या काशाच्या तबकडीवर. तबकडीवर हुद्दा नसतो, शिपाई आणि कर्नल सारखेच.

आणि आपण ती कड काय करतो? दसऱ्याला चिंच आणि राख लावून घासतो. घरातले सगळे लखलखीत हवे, बिल्लाही हवा. शंभर वर्षांच्या घासण्यानंतर राजाचे नाक सपाट होते आणि पणजोबांचे नाव जाते. दुसरी वाट सोनाराची. १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा जगभर ही पदके मुशीत गेली. आपल्याकडची मागे राहिली असतील असे मानायला काही आधार नाही. प्रस्तुत वक्त्याचा जर्मन पदकांवर राग नाही, त्यांच्या निनावी पट्ट्यांनीच त्याला भिंग वापरायला शिकवले. पण नाव नसताना आडाखे बांधत बसणाऱ्याला नाव असूनही ते घासून टाकणारा माणूस पाहवत नाही.

मानचिन्हांची दखल मुरगूडने कधी घेतलीच नाही असेही नाही. सर पिराजीराव तलावाच्या नावातला ‘सर’ हा त्याच साम्राज्याने दिलेला किताब. तो पाण्याला चिकटून राहिला, कारण तलावाला कुणी चिंच लावली नाही.

शौर्यपदकांचा विषय इथे उरकता येणार नाही. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना खुला झाला तो १९११ साली. इटलीत जर्मनांशी लढताना यशवंत घाडगे यांना तो मिळाला १० जुलै १९४४च्या पराक्रमाबद्दल, मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५च्या. त्या क्रॉसच्या पाठीवर पराक्रमाची तारीख असते आणि वरच्या पट्टीच्या मागे नाव.

आता कामाचे. पदक घासू नये, कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. कड उजेडात तिरपी धरून चारी बाजूंनी फोटो घ्यावा. अक्षरे पुसट असतील तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने हलके घासावे, अक्षर उमटते. फीत कुजली असली तरी फेकू नये, शिवण उसवू नये, पाकिटात ठेवावी. परदेशी गिऱ्हाइकाला देण्याआधी १९७२चा पुरावस्तू कायदा विचारात घ्यावा, कारण पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी शंभरी ओलांडली आहे. पलटणीचा क्रमांक हाती लागला की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राचा रस्ता धरावा.

दुपारी जेवणानंतर मांडवाच्या उजव्या हाताला टेबल लागेल. भिंग, काटा, लोहचुंबक, पातळ कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. ज्यांनी घरचा बिल्ला खिशात घालून आणला आहे त्यांनी तसाच, न पुसता, टेबलावर ठेवावा.