सोसायटीची बाग आणि उजनीचं पाणी



मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पण आज बोलणार आहे बागेवर. आमच्या सोसायटीची बाग नव्याने आखायची होती. "तुम्ही इंजिनिअर ना?" म्हणत समितीने ते काम माझ्या गळ्यात घातलं.

पहिला आराखडा चित्रात सुंदर होता. मधोमध १२०० चौरस मीटर लॉन, कडेने पाम. मी मात्र आधी पाण्याचा हिशेब मांडला. करमाळ्याची सवय, दुसरं काय! एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज पाचेक मिलिमीटर लागतं, म्हणजे ६००० लिटर. शहरात माणशी १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने ४४ माणसांचं पाणी नुसतं गवत पिणार.

"अहो, पाणी एसटीपीचंच आहे," एक काका म्हणाले. खरं होतं, पण अर्धंच. वीजबिल वाचवायला सांडपाणी शुद्ध करायचा तो प्लांट दिवसातून थोडाच वेळ चालायचा आणि उन्हाळ्यात बागेला टँकर यायचा. मग न शुद्ध झालेलं पाणी जातं कुठे? पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. म्हणजे ते येतं आपल्याच दारात. ज्या धरणासाठी आपल्या तालुक्यातली गावं उठली, त्याच्याच फुगवट्यावर आज आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचा ऊस आणि केळी उभी आहे. सभेत हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच.

शेवटी लॉन २०० चौरस मीटरवर आलं; मुलांना लोळायला तेवढं हवंच. बागेचा बराचसा भाग पार्किंगच्या स्लॅबवर आहे. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरतं, त्यामुळे तिथे मोठं झाड नाही. अबोली, कोरांटी, अडुळसा, गवती चहा लावला. कडुनिंब, करंज आणि बहावा कुंपणाकडेच्या खऱ्या जमिनीत. "पानांचा कचरा होतो" ही तक्रार अजून येते. मी म्हणते, तो कचरा नाही, खत आहे. खड्डा खणून ठेवलाय.

बागेला आता फक्त एसटीपीचंच पाणी, टँकर बंद. याचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. प्लांट नीट चालला नाही, तर संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या आजी-आजोबांना आधी वास येतो आणि पाच मिनिटांत व्यवस्थापकाचा फोन वाजतो. इतकी चोख तपासणी माझ्या कुठल्याही सॉफ्टवेअरने केलेली नाही.

कारंज्याचा वाद तेवढा बाकी आहे. पुढच्या सभेत तो येईल, तेव्हा उजनीकाठच्या कुणीतरी पाहुणा म्हणून माझ्याबरोबर यावं. चहा माझ्याकडे.