झोत रस्त्यावर हवा, डोळ्यांवर नको



दिवस मावळल्यावर बालाघाटहून बैहरकडे निघालात की शहराचे दिवे लगेच मागे पडतात. पुढे घाट, वळणे आणि जंगल. तिथे रस्ता दाखवायला गाडीचे दोन हेडलाइट सोडले तर दुसरे काही नसते. या दिव्यांपर्यंत वीज कशी पोचते, प्रकाश नेमका रस्त्यावर कसा पडतो आणि आपल्या हातून त्यात काय बिघडते, ते आज समजून घेऊ.

सुरुवात विजेपासून करू. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर साधारण १४ व्होल्ट देऊ लागतो. मग दिवेही त्यावर चालतात आणि बॅटरीही चार्ज होत राहते. घरातल्या बल्बला दोन तारा लागतात, पण मोटारीत बहुतेक ठिकाणी लांबवर जाणारी तार एकच. वीज तांब्याच्या तारेतून दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती गाडीच्या पोलादी बॉडीतून. बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते, त्यालाच मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात. आपल्या बालाघाट जिल्ह्याला विजेच्या या वर्तुळाचा अभिमान वाटावा असे त्यात काही आहे. तारेतल्या तांब्याची देशातली मोठी खाण आपल्या मलाजखंडला आहे आणि पोलादाला बळकटी देणारे मँगनीज आपल्या भरवेलीत निघते.

हे वर्तुळ डोक्यात बसले की बरेचसे बिघाड आपसूक उलगडतात. पावसाळ्यानंतर बॉडीवर जिथे अर्थची तार नटाने आवळलेली असते, तिथे गंज धरतो. मग डावा इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा मागचा लाल दिवाही सोबत मिणमिणतो. परतीची वाट अडल्यामुळे वीज शेजारच्या बल्बमधून मार्ग शोधत असते. अशा वेळी लोक बल्बवर बल्ब बदलतात आणि दोष तसाच राहतो. नट सोडवायचा, पॉलिश पेपरने जागा चकचकीत होईपर्यंत घासायची, पुन्हा घट्ट आवळायचा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

आता थोडा हिशेब. डिपरचा, म्हणजे खाली पडणाऱ्या झोताचा, हॅलोजन बल्ब ५५ वॉटचा. १२ व्होल्टवर तो साडेचार अँपिअरहून थोडी जास्त वीज घेतो, म्हणजे दोन्ही मिळून नऊच्या वर. एवढा भार स्टिअरिंगजवळच्या नाजूक स्विचवर टाकत नाहीत. स्विच फक्त रिलेच्या गुंडाळीला किंचित वीज देतो आणि रिले आतले जाड संपर्क जोडतो. वाटेत फ्यूजही असतो. लाल १० अँपिअरचा, निळा १५चा, पिवळा २०चा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. त्या जागी तार गुंडाळू नका. कुठे शॉर्ट झाले तर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल आणि गाडी पेट घेईल.

वीज बल्बपर्यंत पोचली. खरे कौशल्य याच्या पुढे आहे. हॅलोजनच्या एच-४ बल्बमध्ये टंगस्टनच्या दोन तारा असतात. अप्परची, म्हणजे दूरच्या झोताची, तार रिफ्लेक्टरच्या नाभीशी (फोकसशी) असते, तिचा प्रकाश पूर्ण रिफ्लेक्टरवरून दूरवर जातो. डिपरची तार जरा पुढे असते आणि तिच्याखाली छोटी धातूची वाटी असते. या वाटीमुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. वाटीची एक कड किंचित तिरपी कापलेली असते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिपरच्या झोताची वरची रेघ उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे वर चढते. समोरच्या चालकाचे डोळे वाचतात आणि डाव्या कडेने चालणारा माणूस मात्र दिसतो. एवढा विचार त्या नखाएवढ्या पत्र्यात भरलेला आहे.

नव्या गाड्यांत एलईडी आले. निळा एलईडी घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना, आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर चढवला की पांढरा प्रकाश मिळतो, वीजही कमी लागते. कंपनीने एलईडीसाठीच घडवलेला दिवा उत्तमच. अडचण होते ती हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब बसवल्यावर. प्रकाशाची जागा मिलिमीटरभर सरकली तरी ती नीट रेघ विस्कटते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर धावते. डोळे चार सेकंद दिपले, तर तो माणूस ६५ मीटरहून अधिक अंतर न पाहता कापतो. तेवढ्यात समोर बैलगाडी असू शकते, सायकलवरून घरी निघालेला मजूर असू शकतो.

मागचे दिवे दुसऱ्यांशी बोलण्यासाठी. दिवे लावलेले असले की मागच्या बल्बमध्ये पाच वॉटची तार सतत जळते आणि ब्रेकवर पाय पडला की पेडलजवळचा स्विच २१ वॉटची तार पेटवतो. हा फरक दिसला तरच मागचा चालक वेळेत थांबतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. तो एकदम घाईने टिकटिकू लागला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब उडाला असे समजा.

आतला छताचा दिवा दाराच्या स्विचवर चालतो. तो १० वॉटचा असेल आणि रात्रभर, म्हणजे दहा तास, चालू राहिला तर आठ अँपिअर-तासांहून जास्त वीज खातो. लहान गाडीची बॅटरी असते सुमारे ३५ अँपिअर-तासांची. ती आधीच जुनी असेल, तर सकाळी स्टार्टर फिरणार नाही. रात्री गाडी चालवताना हा दिवा बंदच ठेवा. त्याचे प्रतिबिंब काचेवर पडते, आतल्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना बाहेरचा अंधार अधिक गडद वाटतो. मीटरच्या पट्टीवर निळी खूण पेटलेली असली, तर अप्पर चालू आहे, हेही लक्षात ठेवा.

मुक्कीकडे, कान्हाच्या जंगलाच्या बाजूला जाणाऱ्यांना एक खास विनंती. चितळाच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. अंधारात पाहायला तो उपयोगी, पण प्रखर झोतात ते जनावर दिपून जागीच थिजते. डिपर द्या, वेग कमी करा, त्याला जाऊ द्या. शेजारच्या सिवनी जिल्ह्यात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर महामार्गावर प्राण्यांसाठी भुयारी वाटा केल्या आहेत आणि गाड्यांचा उजेड, आवाज जंगलात जाऊ नये म्हणून कडेला उंच भिंती उभारल्या आहेत. आपल्या रस्त्यांवर ती भिंत नाही. तिथे ते काम चालकालाच करायचे आहे.

या आठवड्यात एवढे करा. सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. झोताची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर खाली पडायला हवी. वर जात असेल, तर फोकस करून घ्या. डिकी भरली किंवा मागे माणसे बसली की गाडीचे नाक वर उचलते. डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचे चाक असेल, तर ते त्या भाराप्रमाणे फिरवा. थंडीत वैनगंगेच्या काठाने धुके असेल तेव्हा अप्पर लावू नका, धुके तोच उजेड तुमच्यावर उलटवते. धानाने भरलेल्या ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर टेप लावा. या टेपला वीज लागत नाही, मागून येणाऱ्याचा उजेड ती त्यालाच परत दाखवते.

आणि समोरून गाडी आली की आधी आपण डिपर द्यावा. त्याने दिला नाही, तरी आपण द्यावा. रागाने अप्पर मारून त्याचे डोळे दिपवले, तर तो आंधळा चालक आपल्याच दिशेने येत असतो.