जीपचं हूड शिवताना

मी वसईच्या होळीतून बोलतेय. आमच्या बचत गटात मी शिलाईचं काम बघते. ब्लाउज, पिशव्या, शाळेचे गणवेश तर सगळ्याच शिवतात, पण मी गेली काही वर्षं रिक्षांची आणि जीपची हूडंही शिवते. म्हणून आज बोलणार आहे ते हूडच्या कापडावर. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे त्यांना यातून काम मिळू शकतं, आणि ज्यांच्या दारात जुनी जीप उभी आहे त्यांचे पैसे वाचू शकतात.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्या गटातली एक सूनबाई आली. सासऱ्यांची जुनी महिंद्रा जीप दारात पडून होती. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात या जीप मुंबईत जोडायला लागले आणि मग गावोगावी पसरल्या. हिच्या सासऱ्यांनी तिच्यातून केळीचे घड आणि फुलांच्या करंड्या वाहिल्या. आता सासरे थकले. सुनेच्या मनात आलं, गाडी रंगवून घ्यावी आणि लग्नसराईत वरातीला भाड्याने द्यावी. नवरा-नवरी बसले की हूड मागे पाडायचं, पावसाळ्यात वर चढवायचं. इंजिनचं काम झालं होतं, हूड मात्र चिंध्या झालेलं. त्यासाठी तिला गटातून कर्ज हवं होतं.

मीटिंगमध्ये एकीने लगेच विचारलं, "अगं, रेक्झिन टाक ना, एवढं कर्ज कशाला?"

खरं सांगू? दोन वर्षं आधी मीही तेच म्हणाले असते, आणि केलंही होतं. अशाच एका जीपला मी चकचकीत काळं रेक्झिन लावून दिलं. बसवलं तेव्हा आरशासारखं दिसत होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात घडीच्या रेषेवर तडे गेले आणि पावसात धार मालकाच्या मांडीवर. मजुरी मला परत द्यावी लागली. गेलेले पैसे विसरले, पण त्या घडीवरचे तडे अजून डोळ्यांपुढे आहेत.

असं का झालं ते नंतर समजलं. रेक्झिन हे मुळात विलायतेतल्या एका कंपनीच्या कापडाचं नाव, आपण सगळ्याच कातडीसारख्या कापडाला ते चिकटवलं. आज मिळतं ते म्हणजे खाली विणलेलं कापड आणि वर प्लास्टिकचा थर. तो थर मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. उन्हात तो हळूहळू उडून जातो, थर कडक होतो आणि जिथे रोज घडी पडते तिथे आधी फाटतो. रिक्षाला रेक्झिन चालतं, कारण तिचं हूड कोणी रोज पाडत नाही. ताणून बसवलं की तसंच राहतं, फडक्याने पुसलं की स्वच्छ. तेच रेक्झिन रोज घडी होणाऱ्या हूडला लावलं ही माझी चूक.

मग कॅनव्हास? जीपचं मूळ हूड कॅनव्हासचंच असायचं. सुती धागा भिजला की फुगतो, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी अडतं. लहानपणी तुम्ही केलं असेल, भिजलेल्या तंबूला आतून बोट लावायचं आणि तिथूनच ठिबक सुरू! कॅनव्हास घडीला तुटत नाही आणि फाटलं तर ठिगळ छान बसतं. पण आपल्याकडची हवा कशी आहे ते तुम्ही जाणता. समुद्र जवळ, चार महिने सगळं ओलं. सुती हूड ओलं असतानाच घडी केलं की आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके, आणि एकदा बुरशी धाग्यात शिरली की कापड कुजतं. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होतं, तेव्हाच्या ओल्याने सूनबाईचं जुनं हूड असंच गेलं. शिवाय कॅनव्हास आटतं. कोरं घेतलंत तर आधी भिजवून, वाळवून मगच कात्री लावा.

परदेशात उघड्या मोटारींना तीन पदरी कापड लावतात. वर विणलेलं कापड, मध्ये रबर, आत अस्तर. दोन कापडांमध्ये रबर घालायची ही युक्ती मॅकिंटॉश नावाच्या स्कॉटलंडच्या माणसाची, १८२३ सालची. रेनकोटसाठी काढली आणि मोटारीवर जाऊन बसली. कापड उत्तम, पण आपल्या जीपसाठी ते मागवायचं म्हणजे जीपपेक्षा हूड महाग.

चौथं कापड म्हणजे अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास. दुकानांपुढे, हॉटेलांपुढे रंगीत छपऱ्या असतात ना, त्यातल्या चांगल्या छपऱ्यांचं कापड. त्याचा रंग धागा बनतानाच आत मिसळलेला असतो म्हणून उन्हात लवकर विटत नाही, आणि धागा सुती नसल्यामुळे बुरशीला खायला काही मिळत नाही. मळ बसला तर मळावर बुरशी येते, ती मऊ ब्रशने जाते. त्यातही उणं आहेच. पाणी अडवायला त्यावर जो लेप असतो तो काही वर्षांनी झिजतो, पुन्हा द्यावा लागतो. किंमत तर रेक्झिनच्या कितीतरी पट.

आम्ही मधला रस्ता काढला. रोज घडी पडते ती फक्त छताला, म्हणून छत अ‍ॅक्रिलिकचं. बाजूचे पडदे काढून गुंडाळून ठेवायचे असतात, ते रेक्झिनचे. मागच्या खिडकीचं पारदर्शक प्लास्टिक घडी करायचं नाही, जुनी मऊ साडी मध्ये घालून गुंडाळायचं. कर्ज निम्म्यावर आलं आणि गटाने मंजूर केलं.

आता शिलाईचं. घरच्या मशीनवर हे होत नाही, जाड कापडाचं मशीन लागतं. टाका मोठा ठेवा. बारीक टाके घातले की कापडाला तिकिटासारखी भोकं पडतात आणि तिथूनच फाटतं. दोरा पॉलिस्टरचा घ्या, साधा सुती उन्हापावसात कुजतो. छताच्या मधोमध जोड येऊ देऊ नका. जोड द्यावाच लागला तर कौलांसारखा द्या: पुढचा तुकडा वर, मागचा खाली, म्हणजे गाडी धावताना वारा आणि पाणी जोडात शिरत नाही. खिळे लोखंडी नकोत, गंजून कापड खातात, पितळी घ्या.

दुकानदार सांगेल ते ऐका, पण वीतभर तुकडा मागून घरी आणा. घडी घालून नखाने दाबा, पांढरी रेघ उठली तर परत करा. मग वाटीवर खोलगट बांधून त्यात पाणी ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वाटीचा तळ बघा.

आणि जुनं हूड कितीही फाटलं असलं तरी फेकू नका. टाके उसवून तुकडे वेगळे करा, त्यांच्यावरच माप घ्या. जीपच्या कमानी वर्षानुवर्षं वाकून प्रत्येक गाडीची वेगळी होतात, छापील माप बसत नाही. मीही आधी त्या कुजक्या कापडाला नाक मुरडलं होतं. शेवटी तेच चटईवर पसरून खडूने रेषा आखल्या. ते तुकडे आता माझ्या पोटमाळ्यावर आहेत, गाठोड्यावर जीपचा नंबर लिहून.