घसादुखी आणि काळीज



वसंतातल्या सायंकाळी जंतूंच्या विषांवर व्याख्यान म्हणजे पक्वान्नाच्या ताटात काढ्याची वाटी, असे कोणाला वाटले तर आमची तक्रार नाही. पण काढा थोडा आहे, आणि तो घरातल्या लहान मुलांसाठी आहे. “घसा धरलाय ना? मिठाच्या गुळण्या कर, दोन दिवसांत जाईल,” हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात बोलले जाते. दहांतल्या बहुतेक वेळा ते खरेही ठरते. ज्या थोड्या वेळा ते खोटे ठरते, त्या वेळी शरीरात काय घडते, एवढेच आज आपण पाहू.

घसादुखीचे बहुतेक प्रकार विषाणूंमुळे होतात आणि आपोआप बरे होतात. काही मात्र स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू मण्यांच्या माळेसारखे दिसतात, म्हणून मराठीत त्यांना मालागोलाणू म्हणतात. हे ग्रीक नाव १८७४ साली व्हिएन्नाचे शस्त्रवैद्य बिलरोथ यांनी दिले. त्याच व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टरांनी, सुइणपण करण्यापूर्वी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवा, असा आग्रह धरला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. हात धुतल्याने नेमके काय धुतले जाते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १८७९ साली पॅरिसच्या विद्वत्सभेत बाळंतरोगाच्या कारणांवर चर्चा चालू असता पाश्चर उठले आणि त्यांनी फळ्यावर मण्यांची माळ काढून दाखविली. अपराधी सापडला होता. पुढे १९३३ साली अमेरिकेतील रिबेका लान्सफील्ड या विदुषीने या जंतूंचे गट पाडले. त्यांतला ‘अ’ गट हा माणसाचा खास वैरी. आपला घसा आणि आपली कातडी हेच त्याचे बिऱ्हाड.

आता प्रश्न असा, की एवढासा जंतू एवढा अनर्थ करतो कसा? उत्तर त्याने तयार केलेल्या विषांत आहे.

पहिले विष स्ट्रेप्टोलायसिन-ओ. आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक तलम पापुद्रा असतो आणि त्यात कोलेस्टेरॉल असते. हृदयविकाराच्या संदर्भात आपण ज्याला नावे ठेवतो तेच हे कोलेस्टेरॉल. पण त्यावाचून पेशीचे चालत नाही. या विषाचे कण त्या कोलेस्टेरॉलला चिकटतात, एकमेकांचे हात धरून फेर धरतात, आणि कित्येक कणांचे ते कडे पापुद्र्यात घुसून भोक पाडते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतल्या पंचवीस-तीस भागांएवढी त्या भोकाची रुंदी. आपल्याला ती नगण्य वाटते. पेशीच्या दृष्टीने मात्र ते घराला पडलेले भगदाड आहे. बाहेरचे क्षार आणि पाणी आत लोटते, आतला ऐवज बाहेर वाहतो, आणि तांबडी रक्तपेशी फुटून जाते. जंतूच्या स्वतःच्या पापुद्र्यात कोलेस्टेरॉल नसते, म्हणून त्याचे विष त्याला बाधत नाही!

पेशीही स्वस्थ बसत नाही. फाटलेला भाग ती चिमटून टाकून देते आणि भोक बुजविते. दोन-चार भोके असतील तर ती निभावून नेते. फार झाली तर मरते. जंतूला गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशीही याच विषाला बळी पडतात. म्हणजे चोराने आधी पहारेकऱ्यालाच लोळवावे, तसा हा प्रकार.

या विषाविरुद्ध शरीर प्रतिद्रव्ये तयार करते. १९३२ साली टॉड यांनी ती मोजण्याची रीत शोधली. डॉक्टर चिठ्ठीवर ‘ए.एस.ओ.’ लिहितात, ती हीच तपासणी. ती एवढेच सांगते की हा जंतू नुकताच येऊन गेला आहे. तिचा आकडा वाढला म्हणजे हृदयरोग झालाच, असे समजून कोणी घाबरू नये.

दुसऱ्या जातीची विषे भोके पाडीत नाहीत. ती आपल्याच सैन्याला भ्रमात टाकतात. एरवी एखादा शत्रू आला, तर आपल्या रक्षक पेशींपैकी दहा हजारांत एखादीच त्याला ओळखून उठते. ही विषे ओळखीची खूणच खोटी करतात आणि पाचांतली एक पेशीही उठू शकते. सारे सैन्य एकदम गावात शिरले, तर गावाचे काय होईल? रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे थकतात, रोगी काही तासांत अत्यवस्थ होतो. अंगावर लाल पुरळ आणणाऱ्या लोहितांग ज्वराचे विष याच कुळातले. ते १९२४ च्या सुमारास शिकागोच्या डिक पतिपत्नींनी शोधून काढले.

आणि आता सर्वांत फसवी गोष्ट. घसा बरा होतो, मूल शाळेत जाऊ लागते, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. एक उतरला की दुसरा. या वेळी जंतूचे विष कारण नसते. जंतूच्या अंगावरची काही प्रथिने आपल्या हृदयातील प्रथिनांसारखी दिसतात. जंतूवर उगारलेले शस्त्र हृदयाच्या झडपांवर पडते. हा सांधेवाताचा ताप. तो बहुधा पाच ते पंधरा या वयात गाठतो. सांधे बरे होतात. झडप मात्र आखडलेलीच राहू शकते, आणि पुढे ऐन तारुण्यात, कित्येकींना पहिल्या बाळंतपणात, जिना चढताना धाप लागू लागते.

हे टाळता येते. सर्दी-खोकला नाही, पण एकाएकी ताप, गिळताना तीव्र वेदना आणि गळ्याशी दुखऱ्या गाठी, अशी लक्षणे दिसली तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. पेनिसिलिनला पुरता निर्ढावलेला ‘अ’ गटाचा जंतू रोग्यांत अद्याप आढळलेला नाही, हे आपले भाग्य. घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तरी सांधेवाताचा ताप बहुधा टळतो. गोळ्या दिल्या असतील तर दहा दिवस पुऱ्या घ्याव्यात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या फडताळात ठेवू नयेत. आणि शेजारच्या मुलाला मानवल्या म्हणून त्या गोळ्या मनाने आणून प्रत्येक सर्दीवर देऊही नयेत. ज्यांना हा ताप एकदा येऊन गेला आहे, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, काहींना चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. ते चुकवू नये.

एका खोलीत सहा-सात माणसे निजतात, तिथे हा जंतू सहज पसरतो, आणि तिथेच दहा दिवसांचे औषध अर्ध्यावर सुटते. म्हणून आमची विनंती केवळ आईबापांना नाही. आपण शाळामास्तर असाल, गिरणीत असाल, दुकानात असाल, “आता बरं वाटतंय, उरलेल्या गोळ्या कशाला?” असे कोणी म्हणाले, तर आजच्या सभेतले एवढे एक त्याला सांगावे, की घसा बरा झाला तरी काळजाचा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे.